वाटी सरकली, पण आपोआप बसली

गुडघ्याची वाटी पहिल्यांदा सरकली ती कॉलेजच्या मैदानावर. खो-खोत खांबाला वळसा घेताना डावा पाय मातीत रुतला, अंग फिरलं, गुडघा राहिला तिथेच. खाली पाहिलं तर वाटी बाहेरच्या अंगाला, भलत्याच जागी. ओरडतच पाय सरळ केला आणि टक्कन ती जागेवर आली.

ती आपोआप बसली हेच मला नडलं. एक्स-रेत हाड शाबूत, म्हणून घरच्यांच्या लेखी ती लचक. आईने शेजारच्या काकूंना ‘वाटी सरकली’ सांगितलं, तर त्या पोटातली वाटी समजून बेंबीत तेल सोडायला निघाल्या. हळदीचा लेप, निकॅप, महिनाभर सुट्टी. डॉक्टरांच्या कागदावर ‘मांडीचे व्यायाम’ असं लिहिलेलं होतं. सूज उतरल्यावर तो कागद कुठे गेला, देव जाणे. चूक माझीच.

दोन वर्षांनी स्वयंपाकघरात शिट्टी झाली म्हणून कुकरकडे वळले आणि वाटी पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा एसटीच्या पायरीवर. दुखायचं ते दोन आठवडे. भीती मात्र मुक्कामाला आली. जिना मी खेकड्यासारखी आडवी उतरायला लागले.

शेवटी गुडघ्याच्या तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पाय सैल सोडायला सांगितलं आणि अंगठ्याने वाटी हळूच बाहेर ढकलली मात्र, मी त्यांचं मनगटच धरलं. ‘झालं, एवढंच बघायचं होतं,’ म्हणाले. एमआरआयमध्ये कळलं, की वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारा एमपीएफएल नावाचा बंध कामातून गेलाय, आणि वाटी ज्या खाचेतून वर-खाली सरकते ती खाच माझी मुळातच जरा उथळ आहे. पहिल्याच वेळी बहुतेकांना ब्रेस आणि व्यायामावर भागतं. पुन्हा पुन्हा सरकायला लागली की गणित बदलतं. त्यांनी एक अंतरही मोजलं: खाचेपासून नडगीचा उंचवटा किती बाहेर आहे ते. 20 मिलिमीटरच्या वर गेलं तर बहुधा हाड कापून सरकवावं लागतं. माझं 16 निघालं, त्यामुळे नुसत्या बंधावर निभावलं. मांडीच्या मागच्या स्नायूची एक दोरी काढून तिचाच नवा बंध केला. कमरेत इंजेक्शन होतं, त्यामुळे ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही. ड्रिलचा आवाज तेवढा लक्षात आहे, सुताराकडे येतो तसाच.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. फिजिओ ताईंनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, ‘मांडी आवळा.’ मी आवळली. आवळली गेली उजवी! डावी ढिम्म. हात ठेवून, डोळे मिटून, दात खाऊन पाहिलं. स्वतःचाच पाय ऐकत नाही म्हणजे काय, हे तोवर ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी वाटीच्या वर, आतल्या बाजूला काहीतरी थरथरलं, तापत्या दुधावर साय हलते तसं. मी आईला हाका मारून दाखवलं.

मग घरातलं मोठं स्टीलचं ताट आलं. त्यात टाल्कम पावडर टाकायची आणि टाच मागे-पुढे सरकवायची. रोज तीनदा, आई गं म्हणत. सहाव्या आठवड्यात गुडघा 90 अंशांत वाकला. तोवर चालताना ब्रेस, बाथरूममध्ये कमोडची खुर्ची आणि आंघोळीला आई. सव्वीस वर्षांच्या मुलीला हे लाजिरवाणं वाटतं, पण त्याची सवयही लवकर होते. तिसऱ्या महिन्यात ताईंनी टेप लावली: डावी मांडी उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर बारीक. त्या दिवशी मी रडले, ऑपरेशनच्या दिवशी नव्हते रडले. पुढे सायकल, भिंतीला टेकून अर्धं बसणं, मग एका पायावर उभं राहून दात घासणं.

आता नववा महिना आहे. जिना सरळ उतरते. मांडी घालून जेवते, उठताना मात्र हात आपसूक गुडघ्यावर जातो. डावी मांडी अजून सेंटिमीटरभर कमी आहे. ते ताट आईने पुन्हा जेवणात घेतलं नाही. माझ्या पलंगाखालीच असतं, पावडरसकट.