एमजी ४२ का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

सराफ्यात गराडूच्या कढईसमोर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. "भिया, तुमच्या सुवेणीच्या सैन्याला एमजी ४२ का नाही दिली? देश तुमचा, कागद तुमचा, पैसे थोडेच पडणार होते?" एमजी ४२ म्हणजे जर्मन मशीनगन. कुणी अमेरिकन गॅरंड रायफल मागतं, कुणी रशियन पीपीएसएच सबमशीनगन. आता एकदाच लिहून ठेवतो.

सुवेणी तुम्हाला माहीत आहे. कुणी नवीन असेल तर एवढंच, की दुसऱ्या महायुद्धात मी कागदावर घुसवलेला हा एक डोंगराळ देश. एक बंदर, काडतुसांचा एक कारखाना आणि बाकी सगळी खेचरं.

त्या खेचरांपासूनच सुरू करू. खेचराच्या पाठीवर साधारण ७२ किलो ओझं जातं. थ्री नॉट थ्रीचं, म्हणजे .३०३ रायफलीचं, एक काडतूस सुमारे २५ ग्रॅमचं, म्हणजे हजाराचे २५ किलो. वर क्लिपा, पुठ्ठा, पत्रा, लाकडी पेटी. दोन बाजूंना दोन पेट्या बांधल्या की एका खेचरामागे दोन हजार गोळ्या धरा. एमजी ४२ मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या ओकते. सलग घोडा दाबून कुणी बसत नाही, दोन-अडीचशे गोळ्यांनंतर नळी बदलावी लागते, हे मलाही ठाऊक आहे. पण नुसतं गणित म्हणून पाहा. अख्खं खेचर एक मिनिट चाळीस सेकंदांत रिकामं होतं. ब्रेन गनला, म्हणजे ब्रिटिश हलक्या मशीनगनला, जलद माऱ्याचा दर मिनिटाला चार मॅगझिन (गोळ्यांच्या डब्या), म्हणजे १२० गोळ्यांच्या आसपास. तेच खेचर तिला सोळा-सतरा मिनिटं पुरतं. जर्मनांच्या मागे कारखाने होते, आगगाड्या होत्या, आणि त्यांची अख्खी तुकडी मशीनगनला गोळ्या पुरवण्यासाठीच बांधलेली होती. सुवेणीच्या मागे घाट आहे.

हे मला पहिल्यापासून कळत होतं असं मात्र समजू नका. पहिल्या वहीतला मी तुमच्यापेक्षा वाईट होतो.

त्या वहीत सुवेणीची रायफल ६.५ मिमीची (नळीचं माप) होती, पहिल्या महायुद्धाआधी घेतलेली. १९३९ मध्ये मी ती ७.७ वर न्यायला काढली. कारण दिलं होतं की ६.५ ची हलकी गोळी लांबच्या माऱ्याला, विशेषतः मोठ्या मशीनगनमध्ये, कमी पडते. कारण खोटं नाही, जपाननेही असंच काहीसं म्हटलं होतं. मग युद्ध पेटलं आणि बदल अर्धाच राहिला. घाट धरून बसलेल्या बटालियनच्या दोन कंपन्यांना नवी ७.७ ची रायफल मिळाली, दोन कंपन्या जुन्याच रायफलींवर, आणि छत्तीसच्या छत्तीस एलएमजी (हलक्या मशीनगन) ६.५ च्या. नव्या 'येणार' होत्या.

त्यानंतर मी वीस पानांची रात्र लिहिली. शत्रू तीन बाजूंनी वर चढतोय, एलएमजी पहाटेपर्यंत धडधडताहेत, एक नाईक एकटा उजवी बाजू सांभाळतोय. त्याला मी शौर्यपदकही दिलं. वाचणाऱ्यांना आवडलं, मला त्याहून जास्त. मग महूच्या बाजूच्या एका वाचकाची एका ओळीची चिठ्ठी आली. स्तुती नाही, शिव्या नाहीत. "त्या दिवशी खेचरं किती होती?"

खेचरं मीच लिहून ठेवली होती, चाळीस पानं आधी. चोवीस. पंधरांवर ७.७, पाचांवर ६.५, उरलेल्या चारांवर मॉर्टरचे बॉम्ब आणि पीठ. पंधरा आणि पाच का? खालच्या कोठारातल्या कारकुनाने 'बटालियनला नवी रायफल मिळाली' एवढी नोंद वाचली आणि पेट्या लावल्या. चूक त्याची नव्हती. त्याच्या फॉर्मात अर्धी बटालियन भरायला रकानाच नव्हता.

आता पाच खेचरांचा हिशेब. ६.५ चं काडतूस जरा हलकं, म्हणून फार तर अकरा हजार गोळ्या. जुन्या रायफलवाल्या दोन कंपन्यांना एकही गोळी दिली नाही, सगळ्या एलएमजींना वाटल्या, तरी एका गनला तीनशेच्या आसपास. मिनिटाला १२० म्हटलं तर अडीच मिनिटं. तोलूनमापून, मिनिटाला एकच मॅगझिन, तर दहा मिनिटं. आधीचा साठा शिल्लक होता म्हणावं, तर तो आदल्या दिवशीच्या प्रकरणात मीच हौसेने उडवला होता. हल्ला मी नऊला सुरू केला होता. म्हणजे काटकसर करूनही साडेनऊनंतर त्या नाईकाच्या हातात दहा किलोंची लोखंडी काठी होती, आणि मी तिच्यातून पहाटेपर्यंत आवाज काढत होतो.

शेजारच्या खंदकात ७.७ च्या पेट्या ढिगाने पडलेल्या. त्या वापरता येत नाहीत का, असं अजूनही विचारतात. ७.७ ची गोळी ६.५ च्या नळीत शिरत नाही, विषय संपला. उलटं करायला जाल, तर बारीक काडतूस मोठ्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) खुळखुळतं. पिन पोचलीच आणि बार उडालाच, तर काडतुसाचं पितळी कवच फाटून तापलेला वायू बोल्टमधून (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यातून) तोंडावर येण्याची भीती. दोन्ही पेट्या एकाच लाकडाच्या, एकाच मापाच्या, फरक काय तो छापलेल्या आकड्याचा. रात्री, पावसात, बॅटरी लावायची मनाई असताना तो आकडा वाचणार कोण? संगिनीने फळी उचकटायची, क्लिप चाचपायची, आणि मग कळायचं.

पदक मी परत घेतलं. कागदावरच्या माणसाचं पदक परत घेताना इतकं का लागावं, हे मला सांगता येत नाही.

एवढं कबूल केल्यावर जुन्या स्वतःची बाजूही घेतो, कारण काही जण आता म्हणतात, असला मूर्खपणा कुठलंही सैन्य करत नाही. करतं. इटलीने १९३८ मध्ये ६.५ वरून ७.३५ वर जायचं ठरवलं आणि १९४० मध्ये, युद्धाच्या तोंडावर, परत ६.५ वर आली. त्यांच्या मोठ्या ब्रेडा मशीनगनला ८ मिमी लागायची, ते वेगळंच. जपानकडे ६.५ असताना ७.७ आली, आणि तीही तीन तऱ्हांची. नौदलाची ब्रिटिश नमुन्यावरची, बुडाला पूर्ण कड असलेली. टाइप ९२ मशीनगनची अर्धवट कडेची. आणि टाइप ९९ रायफलीची बिनकडेची. तेव्हा आधीचा मी जे लिहीत होतो ते वेडगळ नव्हतं, खऱ्या जगाइतकंच गलथान होतं. फक्त त्या गलथानपणाचं बिल मी कुणाकडूनच वसूल केलं नाही.

दुसऱ्या वहीत म्हणून एकच काडतूस ठेवलं, .३०३. रायफल ली-एनफील्ड, एलएमजी ब्रेन, मोठी मशीनगन व्हिकर्स, सगळ्या तेच खातात. रायफलवाल्याच्या बंडोलियरमधली (काडतुसांच्या पट्ट्यातली) गोळी काढून ब्रेनच्या मॅगझिनमध्ये भरता येते. पंधरा आणि पाचची भानगडच उरत नाही.

.३०३ च्या बुडाला बाहेर आलेली कड असते. लगेच जाणकार उभे राहतात: कडेचं काडतूस कशाला? जर्मन ७.९२ घ्यायचं होतं, बिनकडेचं, सुटसुटीत. तक्रार रास्त आहे. कड म्हणजे कटकट. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसायला हवी. घाईत हाताने भरताना ती मागे गेली, की बोल्ट वरच्याला ढकलतो, ते खालच्याला ओढतं आणि दोन्ही अडकतात. ब्रेनचं मॅगझिन वाकडं आहे तेही या कडेमुळेच, आणि तीसचं असून त्यात बहुतेक अठ्ठावीसच भरायचे, ते स्प्रिंगवर ताण नको म्हणून. माझ्याकडे उत्तर आहे, ते पुरेसं आहे की नाही ते तुम्ही ठरवा. कडेचं काडतूस कडेवरच टेकतं, त्यामुळे चेंबरचा खांदा थोडा इकडेतिकडे कोरला गेला तरी बार होतो. सुवेणीच्या एकुलत्या कारखान्यात जुनी लेथ आणि नवशिके हात आहेत. एनफील्ड नंबर ४ ला तर बोल्टचं डोकं ० ते ३ अशा चार मापांत मिळतं. बोल्ट आणि काडतुसामधली जागा सैल झाली की पुढच्या मापाचं डोकं बसवा, रायफल परत कामाला.

ब्रेन अडली तर काय, हेही विचारता. आधी कॉकिंग हँडल मागे, मॅगझिन उतरव, दुसरं चढव, मार. दोन-चार गोळ्यांत पुन्हा अडली तर गॅसच्या वाटेत (बाराच्या या वायूवरच ब्रेन चालते) काजळी धरली आहे. रेग्युलेटरला चार भोकं असतात, फिरवून पुढचं मोठं भोक लाव. जलद माऱ्यात दहाएक मॅगझिननंतर नळी बदल.

आणि पावसाळ्यात नळी गंजते ती नुसत्या तेलाने वाचत नाही. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत (बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असे, बार झाल्यावर त्याचं मीठ नळीत उरतं आणि हवेतली ओल ओढतं. तेलात मीठ विरघळत नाही. आधी पाणी, उकळतं असेल तर उत्तम कारण नळी लवकर सुकते, मग फुलथ्रूने (पुल-थ्रू, नळीतून ओढायची दोरी) कोरडी चिंदी, मग तेलाची चिंदी. एनसीसी केलेल्यांना फुलथ्रू आणि चिंदी शिकवायला नको.

ग्रेनेड ३६ नंबरचा, हातातून फेकताना चार सेकंदांचा फ्यूज, रायफलच्या तोंडाला लावलेल्या कपातून सोडताना सातचा. दोन इंची मॉर्टर आहे. रणगाडे घाटात येत नाहीत, म्हणून त्यावर मी वेळ घालवलेला नाही.

स्टेन या ब्रिटिश सबमशीनगनपाशी मात्र माझंच अडतं. गस्तीवाल्यांना जवळच्या माऱ्याला काहीतरी हवं, म्हणून ती दिली, आणि तिला ९ मिमी लागते. म्हणजे दुसरं काडतूस, दुसरी पेटी, पुन्हा तोच कारकून. मॅगझिनमध्ये दोन रांगा वर येऊन एका तोंडात मिळतात, तिथेच ती तुंबते. बोल्ट पुढे असताना बुडावर आपटली तर सुटूही शकते. काढून टाकली तर गस्तीची सगळी पानं खोटी पडतात. ठेवली तर एक-काडतूस हा माझा नियम खोटा. दोनदा काढली, दोनदा परत घातली.

पहिली वही फाडलेली नाही. दुसरी शहाणी आहे, हिशेबाला पक्की आहे, आणि कधी कधी वाटतं, इतकं शहाणं सैन्य कुठे असतं? तर एमजी ४२ मिळणार नाही. सध्या मी चोवीस खेचरांपाशीच बसलोय, कारण प्रत्येकाला रोज तीन-चार किलो दाणा लागतो, घाट चढायला दोन दिवस, उतरायला दीड, आणि त्या दाण्याची खेचरं मी अजून धरलेलीच नाहीत.