लसूण सोलताना सापडलेले क्रियापद

दुपारची निवांत वेळ. लसणाचा गड्डा फोडून ताटलीत टाकलेला आणि समोर इंग्रजीतली पाककृती: चार क्लोव्ह घ्या, ठेचा, तेलात घाला. इथे नवशिक्याचा हात हमखास मिसळणाच्या डब्याकडे जातो. चार लवंगा ठेचून घातलेली टोमॅटोची चटणी खाऊन पाहा. दाढ दुखत असेल तर उतारा पडेल, एरवी जीभ बधिर. पाककृतीला हव्या असतात लसणाच्या चार पाकळ्या.

इंग्रजीत लवंगही क्लोव्ह आणि लसणाची पाकळीही क्लोव्ह, पण दोघींचे गोत्र वेगळे. लवंग आली फ्रेंचांकडून. त्यांच्याकडे 'क्लू' म्हणजे खिळा, आणि लवंग दिसतेच खिळ्यासारखी. पाकळी मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतली, 'चिरून वेगळी झालेली' या अर्थाची. ती ज्या क्रियापदाच्या कुळातली आहे ते आता क्वचित भेटते: क्लीव्ह.

गो-वेन्ट-गॉन हे ज्यांनी पाढ्यांच्या चालीवर घोकले आहे त्यांना व्याकरणाच्या पुस्तकातली ती शेवटची पाने आठवतील. तीन रकाने, प्रत्येक खणात एक शब्द, सगळे कसे रांगेत. क्लीव्हची ओळ त्या तक्त्यात आली की छापणाऱ्याची पंचाईत होते. वर्तमानकाळी क्लीव्ह. भूतकाळी क्लोव्ह, नाहीतर क्लेफ्ट, नाहीतर क्लीव्ह्ड. जुन्या पुस्तकांत क्लेव्हसुद्धा. तिसऱ्या रकान्यात क्लोव्हन, क्लेफ्ट, पुन्हा क्लीव्ह्ड. आणि एवढे करून हे झाले फक्त 'चिरणे, दुभंगणे' या अर्थाचे. क्लीव्हचा दुसरा अर्थ आहे 'चिकटणे, बिलगणे'. त्याचे भूतकाळाचे रूप साधे क्लीव्ह्ड, जुन्या ग्रंथांत क्लेव्ह.

एकच शब्द चिरतोही आणि चिकटतोही, हे ऐकून लोक डोळे विस्फारतात. खरे तर ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. चिरणारे जुन्या इंग्रजीत 'क्लेओफान' होते, चिकटणारे 'क्लिफियान'. मध्ययुगीन इंग्रजीत दोघांचे उच्चार झिजत झिजत एक झाले. जर्मनमध्ये ती अजून वेगळी आहेत: चिकटवणे म्हणजे 'क्लेबन', आणि लाकूड फोडणे म्हणजे 'क्लीबन', हे दुसरे आता बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडच्या बोलीत. चिरणाऱ्याचा ग्रीक भाऊबंद 'ग्लिफाइन', म्हणजे कोरणे. त्यातूनच इजिप्तच्या चित्रलिपीला हायरोग्लिफ म्हणतात. चिकटणाऱ्याच्या घरी क्ले म्हणजे चिकणमाती आणि ग्लू म्हणजे डिंक. नातलग पाहिले की स्वभाव कळतो.

चिरणाऱ्याची एवढी रूपे झाली कशी? ते दोन चालीरीतींच्या मध्ये सापडले. मुळात ते फ्रीझ-फ्रोझ-फ्रोझन याच पंक्तीतले, म्हणून क्लीव्ह-क्लोव्ह-क्लोव्हन. पण लीव्हचे लेफ्ट, बिरीव्हचे बिरेफ्ट अशी दुसरी पंगतही शेजारीच बसलेली. पुढे 'त' लागला की आधीचा दीर्घ स्वर आखडतो, ई चा ए होतो. कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट यांच्यातही तेच. क्लीव्ह त्याही पानावर बसले आणि क्लेफ्ट झाले. क्लेव्हची चाल तिसरीच, स्पेक आणि ब्रेक या जुन्या भूतकाळी रूपांची. ती वळणे स्पोक आणि ब्रोकपुढे मागे पडली, क्लेव्हही त्यांच्याबरोबर गेले.

शब्दाच्या पोटातला स्वर बदलण्यात आपल्याला नवल वाटायला नको. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे हे आपण न घोकता करतो. फरक इतकाच की आपल्याकडे स्वर बदलतो तो कोणी केले यावर, आणि इंग्रजीत केव्हा झाले यावर. काच फुटली म्हटले की कोणी फोडली हा प्रश्न निघतच नाही. घरोघरची मुले या व्याकरणावर जगतात.

१६११ सालचे इंग्रजी बायबल उघडले तर क्लेव्ह दोन्ही अर्थांनी भेटते. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम मुलाला बळी द्यायला निघण्याआधी होमाची लाकडे फोडतो, तिथे क्लेव्ह. रूथच्या पुस्तकात विधवा झालेल्या दोन सुनांपैकी अर्पा सासूचा मुका घेऊन माघारी जाते आणि रूथ तिला बिलगून राहते, तिथेही क्लेव्ह. वाचणारा घोटाळत नाही, कारण रूथच्या वाक्यात मागोमाग 'अन्टू' येते. टू किंवा अन्टू असेल तर चिकटणे. कर्म सरळ लागले असेल, किंवा पुढे 'असंडर' (वेगवेगळे), 'इन ट्वेन' (दोन भागांत) असे काही असेल, तर चिरणे. एवढी एक खूण लक्षात ठेवली की जुने इंग्रजी वाचताना निम्मे काम होते. लिहिताना ती विसरली तर मात्र गंभीर प्रसंग ओढवतो. पुरुष आईबापांना सोडून बायकोला क्लीव्ह करील असे बायबल सांगते. मराठी भाषांतरात तिथे 'जडून राहील' आहे. त्या वाक्यातून अन्टू गाळला की लग्नाच्या प्रवचनाचा पंचनामा होतो.

त्याच बायबलात, गणना या पुस्तकात, मोशेविरुद्ध उठलेल्यांच्या पायाखालची जमीन क्लेव्ह होते आणि त्यांना गिळते. मराठी कानाला इथे सीता आठवणारच. धरणी दुभंगते हे वाक्य आपल्याला तिच्यामुळे पाठ आहे. तिकडे ती शिक्षा, इकडे ते माहेर.

शेक्सपिअरने दोन्ही क्लीव्ह वापरली. 'मॅकबेथ'मध्ये बँको म्हणतो की नवे मानमरातब नव्या कपड्यांसारखे असतात, वापरल्याशिवाय अंगाला बसत नाहीत. तिथे चिकटणारे क्लीव्ह. 'हॅम्लेट'मध्ये आई म्हणते, तू माझ्या काळजाचे दोन तुकडे केलेस, तिथे क्लेफ्ट. त्यावर मुलाचे उत्तर असे की मग त्यातला वाईट तुकडा फेकून दे आणि उरलेल्या अर्ध्यावर शुद्धपणे जग. आईशी कोणी असे बोलते का, हा प्रश्न वेगळा. आगरकरांनी हे नाटक १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणले. क्लेफ्टसाठी मराठीला 'दुभंगणे' मिळते, आणि ते क्लेफ्टहून सरस आहे, कारण त्यात 'दु' आहे. दोन भाग झाले हे सांगायला इंग्रजीला 'इन ट्वेन' शेपटासारखे जोडावे लागते.

शेक्सपिअरचेच 'द टेम्पेस्ट' हे नाटक १ नोव्हेंबर १६११ रोजी राजदरबारात झाले, म्हणजे बायबल छापले त्याच वर्षी. त्यात एरियल नावाच्या अदृश्य सेवकाला बारा वर्षे कोंडले होते ते 'क्लोव्हन पाइन'मध्ये, चिरलेल्या चीड वृक्षाच्या फटीत. आणि कॅलिबन या रानटी गुलामाला 'क्लोव्हन' जिभांचे साप फुत्कारून वेडे करतात. बायबलात, प्रेषितांच्या कृत्यांमध्ये, पवित्र आत्मा शिष्यांवर उतरतो तोही 'क्लोव्हन' जिभांच्या रूपाने, पण त्या ज्वाळेच्या. एकाच वर्षी छापखान्यात देवाची जीभ क्लोव्हन आणि रंगमंचावर सापाची.

इंग्रज कवी जॉन डनच्या एका गाण्यात (ते छापले गेले १६३३ मध्ये) अशक्य कामांची यादी आहे: पडता तारा पकड, गेलेली वर्षे कुठे असतात ते सांग, सैतानाचा पाय कोणी क्लेफ्ट केला तेही सांग. आता सैतानाच्या पायाला विशेषण लावायचे तर इंग्रज क्लोव्हनच म्हणणार. पाय तोच, पण क्रिया सांगताना क्लेफ्ट आणि खूर दाखवताना क्लोव्हन. तीन रकान्यांचा तक्ता इथेच फसवतो. त्यात पर्याय शेजारी शेजारी मांडलेले असतात, म्हणून वाटते की हवे ते उचला. तसे नाही. एकेक रूप एकेका नामाला घट्ट धरून बसले आहे. गाईगुरांचा खूर क्लोव्हन. हनुवटीवरची खळी क्लेफ्ट. कात्रीत सापडलेला माणूस 'क्लेफ्ट स्टिक'मध्ये. रसायनशास्त्रात विकर (एन्झाइम) प्रथिनाचा रेणू तोडते तेव्हा क्लीव्ह्ड. इटालियन लेखक इटालो काल्व्हिनोच्या कादंबरीतला तोफगोळ्याने उभा दुभागलेला सरदार इंग्रजीत आला तो क्लोव्हन होऊन, कारण क्लोव्हन म्हटले की सैतानी खुराचा वास येतोच. क्लोव्ह हे भूतकाळी रूप आता तलवारींपुरते आणि लाटा कापणाऱ्या जहाजांपुरते उरले आहे. आजच्या बातमीत ते घातले तर नाटकी वाटते.

हिऱ्यालाही क्लीव्ह्ड. हिरा हवा तसा चिरत नाही. त्याच्यात चारच दिशांची प्रतले अशी असतात जिथे तो सरळ दुभंगतो. आधी दुसऱ्या हिऱ्याने बारीक खाच पाडायची, खाचेत पोलादी पाते टेकवायचे, वरून एक ठोका. दिशा चुकली तर हाती चुरा. ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ मध्ये ॲम्स्टरडॅमला योसेफ ॲशरने असाच फोडला. पहिल्या ठोक्याला हिरा जागचा हलला नाही, पातेच मोडले.

आपल्याकडे असा दुतोंडी शब्द शोधायला गेले तर देवापुढचा नारळ आठवतो. तो फोडत नाहीत, वाढवतात. बांगडीही फुटत नाही, वाढते. त्यात धातुपाठ, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांची यादी, उघडला तर 'वर्ध छेदनपूरणयोः' समोर येते: एकच धातू, कापणे आणि भरणे अशा दोन्ही अर्थांचा. सुताराला संस्कृतात वर्धकी म्हणतात तेही कापण्यावरून. दोन्ही टोके जोडून टाकायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. नारळ वाढवण्यामागे शुभकार्यात 'फोडणे' उच्चारायचे नाही एवढीच रीत आहे.

स्तोत्रसंहितेच्या १३७ व्या स्तोत्रात बाबेलला नेलेले बंदिवान म्हणतात, यरुशलेमची आठवण मी ठेवली नाही तर माझी जीभ टाळूला क्लीव्ह होवो. हे चिकटणारे क्लीव्ह. चिरणारेही त्याच जागी भेटते. काही बाळे जन्मतात तीच दुभंगलेली टाळू घेऊन. डॉक्टरांच्या कागदावर तिथे क्लेफ्ट असते, क्लोव्हन कधीच नाही. टाळूतली फट बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान शिवतात, बोलणे सुरू होण्याच्या सुमारास. तोवर तोंडात हवा कोंडता येत नाही, ती नाकावाटे निसटते. म आणि न येतात, स्वर येतात, म्हणून 'आई' म्हणता येते. 'बाबा' म्हणायला गेले की 'मामा' होते.