आमची वाटचाल : उंच फुलझाडांची रोपवाटिका

तळेगाव दाभाडे येथे घरामागच्या दहा गुंठ्यांत आम्ही पती-पत्नींनी रोपवाटिका सुरू केली, तेव्हा आमच्याकडेही सगळीकडे मिळते तेच होते : गुलाब, जास्वंद आणि शोभेच्या कुंड्या. पुढे बंगल्यांच्या भिंतीलगतच्या मोकळ्या पट्ट्यांसाठी उंच फुलझाडांची विचारणा होऊ लागली, म्हणून आम्ही हॉलीहॉक, लार्कस्पर आणि कॉसमॉसचे बी आणले.

पहिला हंगाम साफ फसला. सवयीप्रमाणे हॉलीहॉकचे बी प्रो-ट्रेच्या, म्हणजे रोपे करायच्या प्लास्टिकच्या ट्रेच्या, दीड-दोन इंच खोल घरांत पेरले, रोपे दीड महिना तिथेच ठेवली आणि हिरवीगार दिसतात म्हणून विकली. फेब्रुवारीत फुलांचे दांडे पाच-सहा फुटांवर गेले आणि एका गिऱ्हाइकाकडची अख्खी रांग एका वाऱ्यात आडवी झाली. त्यांनी उपटलेले एक झाड माझ्या हातात दिले, तेव्हा सरळ खाली जायला हवे ते सोटमूळ ट्रेच्या घरातच वेटोळे घालून बसलेले दिसले. चूक आमचीच होती. पैसे परत केले.

आता सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की आम्ही खोल पिशवीत दोन-दोन बिया टाकतो, त्यांतले जोमदार रोप ठेवतो आणि चार-पाच पाने येताच ते विक्रीला काढतो. सोबत बांबूची कामठी आणि सुतळी देतो. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधली तर दांडा कामठीवर घासत नाही. लार्कस्परची रोपे मात्र विकतच नाही, कारण त्याला जागा बदललेली मानवत नाही; त्याचे बी देतो आणि थंडी पडल्यावर थेट वाफ्यात पेरायला सांगतो.

हॉलीहॉकवरच्या तांबेऱ्याची, म्हणजे एका बुरशीजन्य रोगाची, तक्रार दरवर्षी येते. पानांखाली नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या दिसल्या की गिऱ्हाईक आधी औषध मागते. आम्ही आधी झारी बाजूला ठेवून बुंध्याशी पाणी द्यायला आणि खालची रोगट पाने काढायला सांगतो. औषध विकले असते तर गल्ला वाढला असता, हेही खरे.

हॉलीहॉकचे बी आम्ही घरचेच धरतो. दांड्यावर वर फुले उमलत असतानाच खालची बोंडे वाळतात आणि त्यांत चपट्या बिया गोल चकतीत रचलेल्या असतात. मधमाश्यांमुळे रंगांची सरमिसळ होते, म्हणून गडद मरून रंगाची खात्री कोणी मागितली तरी आम्ही पाकिटावर ‘मिश्र रंग’ असेच लिहितो.