५०० चे ७०० करताना: टेलिकन्व्हर्टरच्या नोंदी

दिवाळीपासून लोंबकळत असलेला निर्णय अखेर झाला. पक्ष्यांच्या फोटोंसाठी, निकॉनच्या २००-५०० मिमी एफ ५.६ झूम लेन्सवर १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (थोडक्यात टीसी, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं, चित्र मोठं करणारं भिंग) घेतला, टीसी-१४ई थ्री. बॉडी, म्हणजे कॅमेरा, जुनीच, डी५००. ज्यांच्याकडे हीच जोडी आहे आणि टीसी घ्यावा का, हा प्रश्न मनात आहे, त्यांच्यासाठी गेल्या दोन महिन्यांच्या नोंदी जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला पल्ला) भागिले लेन्सचं तोंड, तो वाढला की उजेड कमी. माझ्या लेन्सचं तोंड ५०० मिमीला साधारण ८९ मिमी उघडं असतं, कारण ५०० भागिले ५.६ तेवढेच येतात. टीसी लावला म्हणून ते तोंड काही मोठं होत नाही. फोकल लेंग्थ तेवढी ७०० होते आणि ७०० भागिले ८९ म्हणजे एफ ८. एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड गेला. १.७ चा घेतला असता तर एफ ९.५, दुप्पट घेतला असता तर एफ ११. डी५०० मध्ये १५३ फोकस पॉइंट आहेत, पण एफ ८ ला त्यातले मधले १५ च चालतात आणि आपल्याला हातानं निवडता येतात ते ९. एफ ८ च्या पुढे ऑटोफोकसवर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे एफ ५.६ च्या लेन्सवर १.४ सोडून बाकीचे दोन माझ्यासाठी तिथेच बाद झाले. ज्यांच्याकडे ३०० एफ २.८ आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना दुपटीच्या टीसीवर ६०० एफ ५.६ मिळतं आणि ते खरंच कामाचं आहे. मिररलेसवाल्यांचा (ज्यांच्या कॅमेऱ्यात आरसा नसतो त्यांचा) फोकस सेन्सरवरूनच होतो, त्यामुळे एफ ११ लाही त्यांचं अडत नाही. त्यांनी मात्र लेन्सची अट नीट वाचूनच पैसे द्यावेत. कॅननच्या आरएफ १००-५०० वर एक्स्टेंडर (कॅननचा टीसी) असला की झूम ३०० च्या खाली येतच नाही. म्हणजे लेन्स पूर्ण मिटत नाही आणि नेहमीच्या बॅगेत तशीच ठेवायला जागा पुरत नाही.

पहिला प्रयोग मी स्वस्तात करायला गेलो होतो. एका दुसऱ्याच कंपनीचा जुना १.४ वापरलेला मिळाला म्हणून घेतला. माउंट छान बसला, फोकसही होत होता, पण ॲपर्चर (लेन्सचं तोंड) एफ ८ च्या पुढे नेलं की एरर. २००-५०० चा डायफ्राम (ॲपर्चरची उघडमीट करणारी पाती) विजेवर चालतो, आधीच्या लेन्ससारखा दांड्यावर नाही, आणि तो संदेश त्या जुन्या टीसीतून पुढे जातच नव्हता. विकणाऱ्यानं परत घेतला नाही. जुना टीसी घेणार असाल तर आपली लेन्स आणि आपलीच बॉडी घेऊन जा, ॲपर्चर बदलून चार फोटो काढा आणि मगच पैसे द्या.

नवीन टीसी आला त्या रविवारी गच्चीवर चाचणी लावली. पारव्याचं एक पीस काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवलं, बारा मीटरवर ठेवलं, ट्रायपॉड, व्हीआर (लेन्समधली हादरे थोपवणारी सोय) बंद, शटर टायमरवर. पिसासारखी दुसरी टेस्ट नाही. मधल्या दांडीपासून निघणारे तंतू वेगळे दिसतात की एकमेकांत मिसळून राखाडी पट्टा होतो, हे स्क्रीनवर शंभर टक्क्यांना लगेच कळतं. टीसीशिवाय एफ ५.६ चा फोटो घेतला आणि तेवढाच भाग क्रॉप केला. मग टीसी लावून एफ ८, एफ ९, एफ १०, एफ ११. एफ ८ ला तंतू होते, पण त्यांच्यावर पातळ साय धरल्यासारखी वाटत होती. एफ ९ ला ती साय गेली. एफ १० ला सगळ्यात स्वच्छ. एफ ११ ला पुन्हा किंचित मऊपणा आला, कारण एवढ्या बारीक पिक्सेलवर तिथून डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून जाताना उजेडाचं पसरणं) जाणवायला लागतं. क्रॉपशी तुलना केली तर एफ ९ चा टीसीवाला फोटो सरस, पण फरक पिसाच्या कडेला दिसतो, लांबून बघितलं तर नाही.

इथे एक मुद्दा जरा थांबून सांगावासा वाटतो, कारण तो समजेपर्यंत मी उगाच आयएसओला (कॅमेऱ्याच्या उजेडाच्या संवेदनशीलतेच्या आकड्याला) घाबरत होतो. टीसी न लावता आयएसओ ८०० ला फोटो काढून क्रॉप केला, तर २०.९ मेगापिक्सेलपैकी साधारण अर्धेच उरतात, कारण १.४ चा वर्ग जवळजवळ दोन. टीसी लावून त्याच शटर स्पीडला आयएसओ १६०० झाला, तरी पक्ष्यावरून लेन्समध्ये आलेला उजेड तेवढाच आहे, तो फक्त दुप्पट पिक्सेलवर पसरलाय. दोन्ही फोटो एकाच आकारात छापले तर नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) जवळजवळ सारखाच दिसतो. टीसीचा फायदा बारकावे जास्त पिक्सेलवर उतरण्यात आहे, आणि लेन्स तितकी धारदार असेल तरच तो पदरात पडतो.

फोकस फाइन-ट्यून (फोकस किंचित पुढे-मागे पडत असेल तर ती चूक कॅमेऱ्यात आकडा भरून सुधारणं) मात्र विसरू नका. टीसीशिवाय माझा आकडा +२ आला, टीसीसकट +७. लेन्स आणि टीसीची जोडी कॅमेरा वेगळी ओळखतो आणि तिचा आकडा वेगळा साठवतो, म्हणजे दर वेळी बदलायची कटकट नाही. हे केल्याशिवाय टीसीला नावं ठेवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

मग पुण्याजवळचं कवडीपाट. पहाटे मुळा-मुठेवर धुकं, बंधाऱ्याच्या खाली जलपर्णी, आणि काठाच्या वाळलेल्या फांदीवर लहान खंड्या. अंतर जेमतेम आठ मीटर. टीसी लावल्यानं लेन्सचं जवळचं फोकसचं अंतर बदलत नाही, त्यामुळे एवढ्या जवळून ७०० मिमी मिळतं आणि तो चिमुकला पक्षी फ्रेममध्ये भरून येतो. १/१००० ला, एफ ९, आयएसओ २०००. डोळ्यामागचा नारिंगी पट्टा, त्यातला एकेक तंतू, आणि चोचीच्या टोकाला चिकटलेला माशाचा चिमुकला खवला. तो खवला मला तिथं दिसलाच नव्हता, घरी स्क्रीनवर सापडला. त्या एका फोटोनं माझ्या मनातलं टीसीचं काम ठरवून टाकलं. जवळच्या लहान पक्ष्यासाठी तो घ्यावा.

लांबच्यासाठी का नाही, ते भिगवणला कळलं. कुंभारगावहून सकाळी सात वाजता होडी. रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उजनीच्या फुगवट्यात बराच आत होता. साडेआठपर्यंतचे फोटो ठीक आले. पुढे ऊन चढलं आणि पाय पाण्यात वितळल्यासारखे दिसायला लागले. मला वाटलं व्हीआर बिघडला. नावाडीमामा म्हणाले, “सर, ऊन वर आलं की पलीकडचं समदं थरथरतं. आता फोटू नाय यायचा, बघून घ्या नुसतं.” टीसी पक्ष्याबरोबर मधली तापलेली हवाही १.४ पट मोठी करतो. मी विचारलं, “मामा, इंजिन बंद करून बांबूनं जरा जवळ न्याल का?” त्यांनी नेलं, पण एका अंतरावर थांबले. थवा मान वर करायला लागला की पुढे जायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि मला तो मनापासून पटला.

परतताना ऑस्प्रेनं (मासे धरणाऱ्या शिकारी पक्ष्यानं) सूर मारला. टीसी लावलेलाच होता. मधल्या पंधरा पॉइंटांतून पक्षी सुटला, लेन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहिली, आणि फोकस पुन्हा लागेपर्यंत तो मासा घेऊन वर गेला होता. तिथेच जॅकेट अंगावर ओढून, बॉडीचं तोंड खाली धरून टीसी काढला. पुढच्या वेळी त्यानं सूर मारला तेव्हा नुसत्या ५०० वर अकरापैकी सात फोटो लागले. पट्टकादंबांचे (बार-हेडेड गूज) उडते फोटोही टीसीशिवायच घेतले.

आता माझी सवय अशी झाली आहे: पहाटेच्या उजेडात टीसी खिशात, सूर्य हातभर वर आला की बसलेल्या लहान पक्ष्यांसाठी लेन्सवर, हवा थरथरायला लागली की पुन्हा खिशात. वजन १९० ग्रॅम, २.३ किलोच्या लेन्सपुढे ते जाणवत नाही. हातात धरून मात्र १/१००० च्या खाली माझा एकही फोटो धारदार आलेला नाही.

फेब्रुवारीत सासवडच्या माळावर गाडीच्या खिडकीत बीनबॅग ठेवून खोकडाच्या बिळापाशी बसायचं आहे. तिथं टीसीसकट १/५०० पर्यंत उतरता येतं का, ते पुढच्या नोंदीत लिहीन.