तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीत मी खाटेखाली का जातो

"वर्षभर पोस्टमनवर धावून जातंय आणि लवंगी फुटली की खाटेबुडी शिरतंय. कसलं राखणीचं कुत्रं की ओ हे!" फराळाचं ताट घेऊन येणारी एकूण एक काकू बेळगावी हेल काढून हेच विचारते. आज्जी हसते. यंदा उत्तर मी देतो.

पोस्टमन येतो, मी भुंकतो, तो जातो. हिशेब चोख. रॉकेट येताना दिसत नाही, वास मागाहून येतो आणि कितीही भुंकलं तरी ते जात नाही. त्यात तुमचे कान 20,000 हर्ट्झवर थकतात, माझे 45,000 च्या आसपास. मालकांची गाडी कोपऱ्यावर असतानाच ओळखतो तेव्हा याच कानांचं कौतुक होतं ना? फटाक्याचा आवाज 4 मीटरवरून 125 डेसिबलच्या आत हवा, असं नियम सांगतो. आमच्या गल्लीत 4 मीटर मागं सरकलं की समोरच्यांच्या न्हाणीत पाय पडतो.

बरं, हे सगळं नरकासुरासाठी म्हणावं, तर त्याला तुम्ही पहाटेच कारीट करून पायाखाली फोडलेलं असतं. मेलेल्याला संध्याकाळी परत बॉम्ब कशाला?

खरा घोळ लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. लक्ष्मी यावी म्हणून दार सताड उघडं, गेट उघडं, पोरं अंगणात. अंधार पडल्यावर कुणाला तरी आठवतं, "ह्याला फिरवून आणायचं राह्यलं की!" पट्टा लागतो न लागतो तोच माळ पेटते. घाबरलेलं कुत्रं घराकडे पळतं हा तुमचा समज. ते आवाजापासून लांब पळतं, मग पुढं हमरस्ता असो की रेल्वेचे रूळ. म्हणून फिरणं आणि जेवण उजेडातच उरकायचं. पट्ट्यात दोनच बोटं शिरतील इतका तो घट्ट हवा, त्यावर फोन नंबर हवा. आतली खोली, खिडक्या बंद, पंखा नि रेडिओ चालू, खाटेवरून जमिनीपर्यंत जाड चादर. ही जागा आठवडाभर आधी करून द्या, ऐनवेळी केलेली सापळा वाटते. आणि पाय धरून बाहेर ओढू नका! तेव्हा जो चावा बसतो त्यात राग नसतो. जवळ बसून पाठीवरून हात फिरवला तर मी जास्त भित्रा होईन, हे कुणी शिकवलं तुम्हाला? भीती लाडानं वाढत नाही. धाप, लाळ, थरथर थांबतच नसेल तर औषध जनावरांच्या डॉक्टरांकडून, तेही दिवाळीआधी. नुसतं सुस्त करणारं दिलं तर पाय हलत नाहीत, भीती मात्र जागीच असते. आजोबांची झोपेची गोळी तर नकोच.

लाडवाचं काय म्हणता? रव्याच्या लाडवावर जो बेदाणा चिकटवता, तो माझ्या मूत्रपिंडावर उठतो. किती खाल्ला की बाधेल याचा नेम नाही. पोटात गेला तर उलटीची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा. चिवड्यातल्या तळलेल्या कांद्यानं रक्त बिघडतं. तरी मी मागतो. न देणं हे तुमचं काम.

दत्ताच्या फोटोतल्या चार कुत्र्यांना फुलं वाहता, मला उंबऱ्यावरून हाड करता. धर्मराजानं कुत्र्याशिवाय स्वर्ग नाकारला ही तुमची लाडकी गोष्ट. पण शेवटी ते कुत्रं साक्षात यमधर्म निघालं. नुसतं कुत्रं म्हणून कुणाला चाललं नसतं वाटतं. पाडव्याला गवळी आपल्या म्हशी शिंगं रंगवून, हार घालून रस्त्यानं पळवतात, तेव्हा अख्खं गाव बघायला उभं. मी पळालो की "धरा रे त्याला!"

पिल्लू होतो तेव्हा मी म्हणायचो, आपण भुंकतो म्हणूनच फटाके थांबतात. आता म्हणतो, कसलं काय, पोरांचे डबे रिकामे होतात. पण मध्यरात्रीनंतर खाटेखालूनच एकदा भुंकून बघतो, आणि थोड्या वेळानं खरंच थांबतं की ओ.