मुतग्याकडचं लग्न आणि चार क्लिपा

लग्नाच्या शूटिंगची ऑर्डर घेतानाच मी मामांना सांगितलं होतं, ड्रोन सोडून सगळं देतो. दोन कॅमेरे, कँडिडवाला पोरगा, क्रेन, मांडवात एलईडी स्क्रीन. नवऱ्यामुलाचे मामा म्हणजे घरातला शेवटचा शब्द, आणि त्यांना हे काही पटेना.

"खानापुरात आमच्या पाव्हण्यांकडं उडवलास की रे! मग आमच्यातच काय झालं?"

खानापूर वेगळं, मुतग्याच्या पुढचं कार्यालय वेगळं. तिथून सांबऱ्याचा, म्हणजे बेळगावचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा मोबाइलवर उघडून दाखवला, तर मामा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "रंग तर छान आहेत." हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत कुणाला विचारावं लागत नाही. विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा 200 फूट. 8 किलोमीटरच्या आत मात्र नकाशा पिवळा नाहीतर लाल. पिवळ्यात एटीसीची, म्हणजे विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी, लाल भागात थेट केंद्र सरकारची. हे अंतर मोजायचं ते विमानतळाच्या हद्दीपासून, टर्मिनलच्या दारापासून नव्हे. आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना एवढंही माहीत नसतं. ते गूगल मॅपवर टर्मिनलला पिन मारतात आणि 'बसतंय की' म्हणून मोकळे होतात. त्यात सांबऱ्याला हवाई दलाचं केंद्र आहे. एका लग्नासाठी तिथली परवानगी काढून आणणारा ड्रोनवाला मला तरी अजून भेटलेला नाही.

अक्षता पडल्या. मी नवरा-नवरीचा क्लोजअप धरला होता आणि कानावर भणभण आली. हा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखतो. मांडवाच्या कडेला पुण्याहून आलेला मामांचा एक भाचा रिमोट घेऊन उभा. खुणेनंच विचारलं, तर हसत म्हणाला, "दादा, अडीचशेच्या आतला आहे. परवानगी लागत नाही."

सगळा घोळ या वाक्यात आहे, आणि तो त्या एकट्याचा नाही. त्याच्या ड्रोनच्या हातावर 249 ग्रॅम असं छापलेलंच होतं. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो आणि तो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, इथपर्यंत बरोबर. पण सूट चालवणाऱ्याला आहे, आकाशाला नाही. लाल भाग 249 ग्रॅमलाही लालच. दुकानदार पहिलं अर्धं वाक्य सांगून माल खपवतात, दुसरं अर्धं सांगायला कुणी बसत नाही. माझा ड्रोन नऊशे ग्रॅमच्या आसपासचा, म्हणजे मायक्रो, नॅनोच्या वरचा वर्ग. हौसेला उडवला असता तर मलाही प्रमाणपत्र लागलं नसतं. पैसे घेऊन उडवतो म्हणून लागतं. ते मी रीतसर प्रशिक्षण घेऊन काढलंय, दहा वर्षं चालतं. शिवाय ड्रोनवर नोंदणी क्रमांकाचं स्टिकर आणि तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा.

जेवणाच्या पंगती सुरू झाल्यावर दोन पोलीस आले. "ड्रोन यार्दू री?" म्हणजे ड्रोन कुणाचा? तोवर भाच्यानं आपलं यंत्र मिटवून जॅकेटच्या खिशात टाकलेलं, आणि माझ्या गाडीच्या डिकीत ड्रोनची काळी बॅग, दुसऱ्या दिवशी खानापुरात काम होतं म्हणून ठेवलेली. मग काय, चोर सापडला!

मी प्रमाणपत्र दाखवलं, नोंदणी दाखवली, विम्याचा कागद दाखवला. हवालदारांना हवं होतं 'परमिशन लेटर', त्यांच्या ठाण्याचा शिक्का असलेलं. उडवलाच नाही तर परवानगी कसली, हे मोडक्या कन्नडात तीनदा सांगितलं. मग म्हणाले, सुवर्णसौधला, म्हणजे बेळगावातल्या विधानभवनात, अधिवेशन आहे, ड्रोनबंदी आहे. असेलही. पोलीस तात्पुरता लाल विभाग जाहीर करू शकतात, पण एसपी किंवा त्याच्या बरोबरीच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं, एका वेळी जास्तीत जास्त 96 तास, आणि डिजिटल स्कायच्या नकाशावर दाखवून. उड्डाणाआधी तो नकाशा बघणं आमच्यावर बंधनकारक आहे ते त्यासाठीच. सकाळचा नकाशा मोबाइलमध्ये होता, तो पुढे केला. साहेबांनी बघितलाही नाही. बॅटऱ्या काढून मोजल्या, बॅग उलटीपालटी केली, माझं नाव-नंबर लिहून घेतला. मामा शेजारी उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. भाचा जिलेबी खात होता. ड्रोन नियम 2021 चे आहेत, मोडले तर दंड एक लाखापर्यंत जातो, पण ज्याच्याकडे कागद असतात त्यालाच अडवायला सोपं जातं, हे काही नियमात लिहिलेलं नाही.

हे सगळं इथंच संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. चार दिवसांनी मामांनी पेन ड्राइव्ह पाठवला. त्यात भाच्यानं काढलेल्या चार क्लिपा. "जोडून टाक फिल्ममध्ये, तुझं काय जातंय?"

क्लिपा बघितल्या. दोन बऱ्या आहेत. वरून मांडव, अक्षतांसाठी उठलेले हात, छान दिसतंय. तिसरीत ड्रोन वळतो आणि शेतांच्या पलीकडं धावपट्टीचं टोक स्वच्छ दिसतं. चौथी वाऱ्यानं हललेली, ती तशीही गेलीच असती. फिल्मच्या शेवटी माझ्या स्टुडिओचं नाव येतं. उद्या ही फिल्म यूट्यूबवर चढली की विचारणारा भाच्याला विचारणार नाही, आणि त्या दिवशी लिहून घेतलेला नंबर माझाच आहे.

मामांना फोन करून तिसरी टाकणार नाही म्हटलं. ते म्हणाले, तीच तर सगळ्यात भारी आहे, विमानतळ दिसतोय. पहिल्या दोन तरी टाकाव्यात का, याचाच अजून विचार चाललाय. उडालेल्या त्याही तिथूनच. बायको म्हणते, सगळ्याच परत पाठवा. कँडिडवाला पोरगा म्हणतो, टाका दोन आणि नाव काढा शेवटचं. नाव काढायचं असतं तर प्रमाणपत्र कशाला काढलं असतं? मामांकडून निम्मी बाकी यायची आहे, आणि फिल्म हातात पडल्याशिवाय ती देणार नाही असं ते परवा स्पष्टच बोलले.