पावसाळ्यात ड्राय फिल्म लावताना

कोरडं वंगण, म्हणजे तेल-ग्रीसऐवजी भागावर चिकटवलेला घसरट पातळ थर, वर्कशॉपच्या भाषेत ड्राय फिल्म किंवा नुसतं ‘मॉली’, लावतात ते बहुतेक वेळा धुळीमुळे. डिचोलीकडची लाल खनिज-धूळ ग्रीसमध्ये मिसळली की बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) घासणारी पेस्टच तयार होते. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत गोळ्यांजवळ तेलाचा थेंब चालत नाही. मात्र गोव्यात हा थर किती टिकणार, ते जून ते सप्टेंबरचा ओलावा ठरवतो.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड, म्हणजेच मॉली, जड भार सोसतं, हवेत साधारण ३५० अंशांपर्यंत चालतं, पण दमटपणात त्याचं घर्षण वाढतं. ग्राफाइटचं उलट आहे: त्याचे पापुद्रे एकमेकांवरून सरकायला हवेतली वाफ लागतेच. मग गोव्यात ग्राफाइटच वापरावं का? खारं पाणी लागत नसेल तर चालेल. अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टेनलेसला लावलं आणि खारं पाणी लागलं, तर ग्राफाइट वीजवाहक असल्यामुळे खालचा धातू खाल्ला जातो. हलक्या स्लाइडला टेफ्लॉन घ्या. त्याला ओलाव्याचं काही नाही, मर्यादा २६० अंश. जड भाराखाली मात्र दबून पसरतं.

आता मापं. इथेच सगळ्यात जास्त माल वाया जातो. थर एका बाजूला १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), म्हणजे शाफ्टच्या व्यासावर २०. २० मिमीच्या एच७/जी६ फिटमध्ये (एच७ हा भोकाच्या मापाचा दर्जा, जी६ शाफ्टच्या) किमान मोकळीक फक्त ७ मायक्रॉन असते, म्हणजे भाग आत जाणारच नाही. शाफ्ट जास्त सैल, एफ७ दर्जाचा घेतला तरी किमान २० मायक्रॉन, थर लावल्यावर शून्य. म्हणून ड्रॉइंगवर कोटिंगच्या आधीचं आणि नंतरचं, अशी दोन्ही मापं लिहा. ६० अंशांच्या आट्यांवर तर पिच व्यास (आट्यांच्या मध्यावर मोजलेला व्यास) थराच्या चौपट वाढतो, १० ला ४० मायक्रॉन. शिवाय आटे गुळगुळीत झाल्यावर जुन्याच टॉर्कने बोल्ट आवळला तर तो जास्त ताणला जातो, कधी तुटतोही.

तयारीत घाई नको. रॉकेलने पुसू नका, तेलकट थर मागे राहतो, अ‍ॅसिटोन वापरा. मग १८० ते २२० मेशच्या (दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने दाणे मारून पृष्ठभाग खरखरीत करणं, आणि त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नाही. पोलादाला आधी मँगनीज फॉस्फेटचा रासायनिक थर दिलेला केव्हाही चांगला, कारण मॉली गंज थांबवत नाही. ब्लास्ट केलेलं पोलाद पावसाळ्यात बघता बघता लालसर होतं, त्यामुळे फॉस्फेट असो वा स्प्रे, पुढचं काम लगेच धरा.

स्प्रेच्या वेळी थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि थर पांढुरका पडतो. भाग आधी ४०-५० अंशांपर्यंत कोमट करा, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढा. डबा आधी नीट हलवा, आणि मधूनमधूनही: मॉली जड असते, तळाशी बसते. १५-२० सेंमीवरून दोन-तीन पातळ हात द्या. एकाच जाड हाताचा थर पापुद्रे होऊन सुटतो.

ओव्हनमध्ये भाजायचं तापमान आणि वेळ डब्यावर दिलेली असते. वेळ भाग तापल्यापासून मोजा, ओव्हन तापल्यापासून नव्हे. जाड भागाला आतपर्यंत तापायला बराच वेळ लागतो. केस-हार्डन केलेला (फक्त वरची कातडी कडक केलेला) भाग १५०-१८० अंशांवर टेम्पर केलेला, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा तापवलेला असेल, तर २०० अंशांवर भाजणारं कोटिंग त्याची हार्डनेस कमी करतं. तिथे कमी तापमानाचं किंवा हवेत वाळणारं कोटिंग बघा. थंड झाल्यावर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवा. बोळा काळाकुट्ट झाला तर थर कच्चा आहे.

चवथीच्या सुट्टीनंतर मशीन थेट मोटरवर सुरू करू नका, आधी हाताने दोन-चार फेऱ्या फिरवा. तपकिरी भुकटी दिसली तर फिल्मच्या खाली गंज शिरलाय. त्यावर तेल मारायचा मोह होतो. पण तेलाने भुकटीचा चिखल होतो आणि तोच फिल्म खरवडतो. भाग उतरवा, ब्लास्ट करून पुन्हा पहिल्यापासून कोटिंग करा.